पेटीतली लढाई: युद्धकाळातल्या चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो. त्यानंतर लष्करी आणि विमानदलांच्या संग्रहालयांतली युद्धचित्रं मोबाइलवर बघायचा नाद लागला. एकदा माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्यावर दहा मिनिटं बोललो, आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. फोनवर येतात, बाजाराच्या दिवशी येतात, लग्नाच्या पंगतीतही येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथं एकत्र केलेत. काही प्रश्न विचारणाऱ्याच्या बोलीतच ठेवलेत.

1. युद्धाची चित्रं म्हणजे सैनिकांनी काढलेली की चित्रकारांनी?

दोघांनीही. सरकारनं नेमलेल्या चित्रकारांची कामं एकीकडे, आणि सैनिकांनी, परिचारिकांनी, युद्धकैद्यांनी वहीत किंवा सिगारेटच्या पाकिटावर काढलेली रेखाटनं दुसरीकडे. पण एक तिसरा प्रकार असतो आणि लोक तोच फेकून देतात. ती म्हणजे कामाची चित्रं. समोरच्या टेकड्यांची आडवी रेषा, तिच्यावर बाण, आकडे, झाडाला 'एकटं झाड' अशी चिठ्ठी. तोफखान्यातल्या आणि टेहळणीवरच्या माणसांना असं रेखाटन मुद्दाम शिकवत. शत्रूचं विमान खालून, बाजूनं, समोरून कसं दिसतं त्याच्या काळ्या छायाकृतीही याच प्रकारात येतात. घरात असा कागद निघाला तर 'आजोबाला चित्र जमत नव्हतं' म्हणू नका. त्यांना निसर्गचित्र काढायचंच नव्हतं.

2. कॅमेरे होते की तेव्हा. मग चित्र कशाला?

कॅमेरा होता, पण रात्री, धुरात, तळघरात त्याचं काही चालत नसे. आघाडीवर सैनिकाला स्वतःचा कॅमेरा बाळगायलाही बहुतेक ठिकाणी मनाई होती. शिवाय फोटो समोरचं सगळंच टिपतो, तर चित्रकार नेमकं काय घ्यायचं ते निवडतो.

हेन्री मूर या शिल्पकाराचं उदाहरण मी नेहमी देतो. 1940-41 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक भुयारी रेल्वेच्या फलाटावर झोपायचे. त्यांच्यासमोर वही उघडून बसणं त्याला बरं वाटेना. तो नुसता बघून यायचा, फार तर कागदाच्या तुकड्यावर दोन शब्द टिपायचा आणि चित्र घरी काढायचा. आमच्या इंटरमिजिएटच्या पोरांना स्मरणचित्राचा पेपर नकोसा वाटायचा, तेव्हा मी हीच गोष्ट सांगत असे. उपयोग व्हायचा असं नाही.

3. सरकार खरंच चित्रकारांना पगार देऊन लढाईवर पाठवत होतं?

हो. ब्रिटननं 1939 मध्ये माहिती मंत्रालयाखाली युद्धचित्रकार सल्लागार समिती नेमली. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क तिचे अध्यक्ष होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे 400 चित्रकारांची 5,500 हून अधिक चित्रं जमली. त्यातला मोठा वाटा लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे गेला. वैमानिकांची बरीच चित्रं आज हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहेत. एरिक केनिंग्टननं पेस्टलमध्ये आणि कथबर्ट ऑर्डनं कोळशात काढलेले वैमानिकांचे चेहरे तिथं बघायला मिळतात. ऑस्ट्रेलियानं हे पहिल्या महायुद्धातच सुरू केलं होतं. ती चित्रं कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत.

चित्रकार जिवंत राहावेत हाही क्लार्कचा एक हेतू होता. तो पुरता साधला नाही. एरिक रॅव्हिलियस 1942 मध्ये आइसलंडजवळ विमानासकट बेपत्ता झाला, अल्बर्ट रिचर्ड्स 1945 मध्ये सुरुंगावर गेला आणि थॉमस हेनेल त्याच वर्षी इंडोनेशियात नाहीसा झाला.

4. माहा आजा दुसऱ्या लढाईत होता मंतात. त्याचं चित्र लंडनात असन का जी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

असू शकतं, पण आशा बेतानं धरा. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे 25 लाख माणसं होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अँथनी ग्रॉससारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके चित्रकार पोचले. खरी अडचण मात्र पुढे आहे. संग्रहालयाची नोंद चित्रकाराच्या नावानं असते. ज्याचं चित्र काढलं तो पुष्कळदा नुसता 'एक भारतीय शिपाई' असतो, किंवा 'मराठा हवालदार', किंवा 'पाण्याची पखाल घेतलेला माणूस'. पदक मिळालेल्याचं नाव लिहिलं जातं, स्वयंपाक्याचं किंवा खेचरं हाकणाऱ्याचं सहसा नाही. आजोबांचं नाव टाकून काही निघालं नाही म्हणजे चित्र नाही असं होत नाही.

म्हणून शोध नावानं नाही, तर पलटण, ठिकाण आणि वर्ष या तीन गोष्टींनी घ्यायचा. त्या कुठं मिळतील? आधी घरचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद बघा. नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. तिथून रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाचा पत्ता मिळतो: महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव. कामठी जवळ म्हणून बरेच जण तिथं जाऊन येतात. पण कामठीला 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या रेजिमेंटचं केंद्र आहे आणि ती 1949 मध्ये उभी राहिली. तुमच्या आजोबांची पलटण पुढे गार्ड्समध्ये विलीन झाली असेल तरच तो हेलपाटा कामाचा.

घरची सांगोवांगी तारखांवर तपासून घ्या. महार रेजिमेंटची स्थापना 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला झाली. 'आजा 1939 मध्ये महार रेजिमेंटमध्ये लागला' असं कोणी म्हणालं, तर एक तर वर्ष चुकलंय किंवा पलटण वेगळी होती. पहिल्या महायुद्धातली गोष्ट असेल तर 111वी महार ही वेगळी पलटण होती. ती 1917 ला उभी राहिली आणि 1921 ला मोडली.

पहिल्या महायुद्धातले शिपाई तर आणखी अनपेक्षित जागी सापडतात. पॉल सारू या फ्रेंच चित्रकारानं 1914-15 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांची रेखाटनं केली. मासिया बिबिकॉफ या रशियन चित्रकर्तीनं मार्सेय बंदरात उतरलेले भारतीय शिपाई चितारले. जर्मनीच्या छावण्यांतले युद्धकैदी हेरमान श्ट्रुक यानं दगडी छाप्यात उतरवले. ब्रिटिशांच्या संग्रहात नाही तो माणूस जर्मन कागदावर असू शकतो.

5. मोबाइलवर कसं शोधू? मी शोधलं, काहीच येत नाही.

नव्वद टक्के वेळा दोष स्पेलिंगचा असतो. जुन्या नोंदींत मराठ्याचा 'महरट्टा' होतो, नागपूरच्या शेवटी 'पी-ओ-आर-ई' येतं, कामठीचं 'कॅम्प्टी' होतं, अमरावतीचं 'उमरावती'. चंद्रपूर 1964 पर्यंत चांदाच होतं. विदर्भ हा शब्द टाकून काहीच हाती लागणार नाही. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' आणि 'बेरार' टाकून बघा. ब्रह्मदेशासाठी 'बर्मा', आणि त्याबरोबर आराकान, इम्फाळ, कोहिमा, चिंदविन अशी ठिकाणं.

इम्पीरियल वॉर म्युझियम आणि ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल या दोन्हींच्या संकेतस्थळांवर शोध फुकट आहे. लंडनच्या नोंदीत क्रमांकाआधी 'एल डी' ही अक्षरं दिसली तर ते चित्र प्रश्न 3 मधल्या समितीकडून आलेलं समजावं. सापडलेल्या चित्राचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट काढलात तर महिनाभरानं तो कुठला हे तुम्हालाच आठवणार नाही.

6. एवढ्या दूर कशाला? भारतात कुठं काही नाही का?

आहे, पण विखुरलेलं. दिल्लीत पालमला भारतीय वायुसेनेचं संग्रहालय आहे, जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागार आहे (त्याचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरून बघता येतं), आणि 1870 पासूनची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही सेनादलांची अभ्याससंस्था आहे. रेजिमेंटच्या केंद्रांत स्वतःची संग्रहालयं असतात. तिथं जाण्याआधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी, कारण दारावरचा जवान आपलं ऐकून घेईल पण आत सोडणार नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांचे कागद हवे असतील तर संरक्षण मंत्रालयाचं 2021 चं धोरण लक्षात ठेवा. त्यानुसार युद्धासंबंधीचे अभिलेख सर्वसाधारणपणे 25 वर्षांनी खुले व्हायचे आणि तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात जायचे.

7. कैदेत असलेल्यांनी चित्रं वाचवली तरी कशी?

लपवून. चित्र सापडलं असतं तर जीव जाऊ शकत होता. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि भारतीयांसकट हजारो सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. त्यातल्या रोनाल्ड सर्ल नावाच्या तरुण इंग्रज शिपायानं सयाम (आजचा थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेवर आणि सिंगापूरमधल्या चांगीच्या तुरुंगात चित्रं काढली. ती त्यानं पटकी झालेल्या, मरायला टेकलेल्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली ठेवली. पहारेकरी रोगाच्या भीतीनं तिकडे फिरकत नसत. त्यातली सुमारे 300 वाचली आणि आज इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. त्याच रेल्वेवरच्या जॅक चॉकरनं कैद्यांच्या जखमा आणि बांबूपासून बनवलेली उपचाराची साधनं चितारली. ती बघायला कला लागत नाही, पोट घट्ट लागतं.

8. बंगालच्या दुष्काळाची चित्रं यात धरायची का?

मी धरतो. 1943 चा दुष्काळ युद्धापासून वेगळा काढताच येत नाही. ब्रह्मदेश जपान्यांकडे गेल्यानं तिथला तांदूळ बंद झाला, आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनंच बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या. झैनुल आबेदिन यांनी रस्त्यावरची माणसं काळ्या शाईनं हलक्या प्रतीच्या कागदावर काढली. चित्तप्रसाद मिदनापूरमध्ये पायी फिरले. त्यांच्या रेखाटनांचं पुस्तक निघालं आणि ब्रिटिश सरकारनं त्याच्या जवळजवळ सगळ्या प्रती जप्त करून जाळल्या. म्हणजे एकाच युद्धात, एकच सरकार एका चित्रकाराला पगार देत होतं आणि दुसऱ्याचं पुस्तक जाळत होतं. लष्करी संग्रहात ही चित्रं शोधू नका, ती कलासंग्रहांत आहेत.

9. आजोबाच्या ट्रंकेत जुनं स्केच निघालं. पहिले काय करू?

पहिले काहीच करू नका. पुसू नका, उलगडायची घाई करू नका. ट्रंक जशी उघडली तसा तिचा फोटो काढा. चित्र कशाच्या खाली होतं, कोणत्या पाकिटात होतं, सोबत काय होतं, हे सगळं पुढे लागतं. सोबतचं पत्र एका भावाकडे आणि चित्र दुसऱ्याकडे गेलं की त्या चित्राचा निम्मा अर्थ गेला. मग चित्राच्या पाठीमागचा फोटो काढा. पुष्कळदा गाव, तारीख, नाव जे काही असतं ते मागेच असतं.

पेन्सिल, कोळसा किंवा पेस्टल असेल तर पृष्ठभागाला बोट लावू नका, कापड तर मुळीच फिरवू नका. गुंडाळी कडक झाली असेल तर उन्हाळ्यात उघडूच नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, कागद पापडासारखा होतो आणि घडीवर तुटतो. पावसाळा लागून हवा थोडी नरम झाली की तोच कागद हळूहळू मोकळा होतो.

आता कूलर. विदर्भातल्या घरात कागदाचा सगळ्यात मोठा शत्रू वाळवीइतकाच कूलर आहे. दुपारभर ओली हवा, रात्री बंद, सकाळी पुन्हा कोरडं. या चढउतारानं कागद लाटेसारखा वाकतो आणि बुरशी धरतो. ज्या खोलीत कूलर त्या खोलीत ट्रंक नको. जमिनीला टेकून आणि बाहेरच्या भिंतीला लागूनही नको. घराच्या मधल्या खोलीत, विटांवर किंवा पाटावर ठेवा.

कडुलिंबाचा ताजा पाला आत टाकू नका, ओलावा आणि डाग दोन्ही येतात. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचं आम्ल चित्रात उतरतं. आम्लमुक्त कागद मिळाला तर उत्तम, नाही तर धुवून स्टार्च काढलेलं पांढरं सुती कापड चालेल (कोळसा आणि पेस्टल सोडून). वर्षातून दोनदा उघडून कसर लागली का बघा.

10. लॅमिनेशन करून घेतलं तर कायमचं टिकेल ना?

नाही. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि आतला कागद पिवळा पडत राहतो. सेलोटेपचंही तसंच. तरुणपणी मी स्वतः एका शेजाऱ्याच्या वडिलांचं फाटलेलं रेखाटन मोठ्या ऐटीत टेपनं जोडून दिलं होतं. टेप कधीच गळून पडली, तपकिरी पट्टा राहिला, तो नेमका चेहऱ्यावरून जातो. भेटलो की तो विषय ते काढत नाहीत. बाकी काळजी प्रश्न 9 मध्ये.

11. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांत विमानाचे भाग काढलेत. हे चित्र की नकाशा?

ती ब्लूप्रिंट, यंत्राचं कामाचं चित्र. विमानदलांच्या संग्रहालयांत अशी चित्रं मोठ्या संख्येनं जपलेली असतात, कारण जुनं विमान पुन्हा उभं करायचं तर मोजमाप तिथूनच घ्यावं लागतं. आपल्याकडे येण्याचा एक रस्ता बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचा असू शकतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये तो कारखाना काढला, आणि युद्धात तिथं विमानांची मोठी दुरुस्ती चाले. घरातलं कोणी तिथं फिटर होतं का, विचारा.

ब्लूप्रिंटला एक नियम उलटा लागतो. बाकी कागदांना अल्कलीयुक्त (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं) पाकीट चांगलं, हिला वाईट. चुना दिलेल्या भिंतीला टेकवू नका, उजेडात टांगू नका. निळा रंग उडतो.

12. चित्र खरंच तेव्हाचं आहे हे कसं ओळखू?

भिंग लावा. रंगात सारख्या अंतरावर बारीक ठिपके दिसले तर ते छापील आहे. मग नोटा तपासायचा निळा दिवा घ्या. बाजारात कोणाकडेही मिळेल. अंधारात कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात 1950 च्या सुमारास वापरात आलेलं चमक-रसायन आहे, म्हणजे कागद युद्धानंतरचा. बॉलपेन सर्रास मिळू लागला तो युद्धानंतरच. मात्र इथं फसू नका: चित्र पेन्सिलीचं आणि मागचं नाव बॉलपेननं असेल तर नाव नंतर घरातल्या कोणी लिहिलेलं असू शकतं. चित्र त्यानं खोटं ठरत नाही.

विमान असेल तर पंखावरचं वर्तुळ बघा. ब्रिटिशांच्या वर्तुळात मध्ये लाल असे. जपानी लाल गोळ्याशी गफलत होऊन आपलेच आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून ब्रह्मदेशाकडच्या विमानांवरून तो लाल काढून टाकला. ब्रह्मदेशातलं 1944 चं म्हणून दाखवलेलं चित्र आणि मध्ये ठसठशीत लाल ठिपका असेल, तर मी भुवई उंचावतो. केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ 1950 नंतरचं.

13. तळहाताएवढा फोटोचा कागद आहे, त्यावर पत्र आणि कार्टून. हे काय?

एअरग्राफ. 1941 मध्ये सुरू झालेली सोय. सैनिक मोठ्या फॉर्मवर लिही किंवा चित्र काढी, त्याची बारीक फिल्म विमानानं जाई आणि पोचल्यावर छोटा फोटो काढून घरी देत. विमानातलं वजन वाचावं म्हणून हा खटाटोप. मूळ फॉर्म ठेवत नसत, म्हणून तुमच्या हातातला तो लहान फोटोच मूळ समजायचा. अक्षर वाचता येत नसेल तर मोबाइलनं मोठं करा, ओला बोळा फिरवू नका.

14. संग्रहालयाच्या साइटवरचं चित्र गावाच्या स्मरणिकेत छापता येईल का?

चित्रकार कोण आणि कधी वारला, यावर आहे. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. चित्तप्रसाद 1978 मध्ये वारले, म्हणजे 2038 पर्यंत वारसांची परवानगी हवी. सर्ल 2011 मध्ये वारला, त्याचं तर विसराच. शिवाय संग्रहालयाच्या छायाप्रतीला स्वतःच्या अटी असतात, त्या वाचा. वर्गात मुलांना दाखवायला सहसा अडचण नसते. विकायच्या स्मरणिकेत छापायला असते.

इथं एक पेच कायम येतो. इंग्रज साहेबानं आजोबांचं चित्र काढून त्यांनाच भेट दिलं. कागद तुमचा, पण छापण्याचा हक्क साहेबाच्या वारसांचा.

15. एक जण दुबईहून चांगली किंमत देतो म्हणतो. पाठवू का?

किंमत मी सांगत नाही, कृपया विचारू नका. कायदा सांगतो. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, 1972 नुसार 100 वर्षांहून जुनं चित्र पुरावशेष ठरू शकतं. ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखिताला आणि कागदपत्राला ही मर्यादा 75 वर्षांची आहे. गंमत अशी, की 1943 चं रेखाटन 'चित्र' म्हणून अजून बसत नाही, पण टिपणांसह असलेली वही 'कागदपत्र' म्हणून बसू शकते. पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'हा पुरावशेष नाही' असा दाखला घ्यावा.

16. स्केचमध्ये धावपट्टी आणि दारूगोळ्याची कोठारं दाखवलीत. घरात ठेवली तर गुन्हा होईल का?

आजोबांची ऐंशी वर्षांपूर्वीची वही घरात सापडली म्हणून कोणी तुम्हाला हेर ठरवणार नाही. पण 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यात प्रतिबंधित जागेचं 'स्केच' काढणं हे शब्द स्पष्ट आहेत. आपल्याकडे तर पुलगावचं दारूगोळा भांडार, भंडारा आणि भद्रावतीचे आयुध कारखाने अजून चालू आहेत. जुन्या स्केचशी ताडून बघायला म्हणून कुंपणापाशी जाऊन आजचं चित्र काढायचा उद्योग करू नका, आणि अशा जागेचं जुनं पानही समाजमाध्यमांवर टाकू नका. कागदावर 'गुप्त' असा शिक्का असेल तर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना दाखवून सल्ला घ्या.

17. संग्रहालयाला द्यायचं ठरलं, पण भाऊ तयार नाही.

आधी चांगली प्रत करून घ्या: स्कॅन किमान 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके), पुढून-मागून. मोठं चित्र झेरॉक्सवाल्याच्या यंत्रात ओढू देऊ नका, ढगाळ दिवशी दाराशी सपाट ठेवून वरून फोटो काढा. मग प्रत भावाकडे ठेवायची की मूळ, हे तुमच्यात ठरवा. त्यात मी पडत नाही, एकदा पडलो होतो. देताना लेखी करार करा: दान की ठेव, नाव कसं लावणार, प्रत कधी मागता येणार. विदर्भातच राहावं असं वाटत असेल तर नागपूरच्या अजब बंगला या संग्रहालयात आणि पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात आधी चौकशी करा.

18. चित्र सापडलं जी! पण खाली नुसतं 'भारतीय शिपाई' लिवलं हाय. आजाचं नाव लावतात का?

पुरावा दिला तर संग्रहालयं नोंदीत भर घालतात. पत्र इंग्रजीत, छोटं, चित्राच्या क्रमांकासकट पाठवा. पलटण, ठिकाण आणि तारीख या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत (कशा मिळवायच्या ते प्रश्न 4 मध्ये). त्याच काळातला आजोबांचा फोटो जोडा. 'नाक आमच्या घराण्यासारखं आहे' हा पुरावा होत नाही. प्रत्येक कुटुंबाला तसंच वाटतं, एकाच चित्रासाठी दोन गावांतून मला फोन आलेत.

खुणा मात्र चालतात: कानाचा कापलेला लोळ, मनगटावरचं गोंदण, तुटलेलं बोट. या गोष्टी कागदावर कुठं नसतात, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला माहीत असतात. तिला चित्र दाखवू नका. आधी विचारा, 'आजोबाच्या हातावर काय गोंदलं होतं?' ती सांगेल ते शब्दाला शब्द लिहा, तारीख टाका, दोन जणांच्या सह्या घ्या. चित्र त्यानंतर दाखवा.